शिलाँग ते मानपाडा रोड, किती तास?

डोंबिवलीला विमानतळ नाही. तरीही तीसेक वर्षं इथून विमानं सुटत होती, आणि ती माझ्या गाळ्यातून सुटत होती. स्टेशनच्या पूर्वेला एक चिंचोळा गाळा, एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर जगाचा नकाशा आणि नकाशावर एक पाल. पाल ब्राझीलवर बसली की मी त्या दिवशी दक्षिणेकडचं तिकीट काढत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. एका गृहस्थांनी त्यापायी कोचीचा बेत खरोखर दोन दिवस पुढे ढकलला होता. आता लोक स्वतःच फोनवर तिकिटं काढतात, गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात आणि पाल कुठे गेली ते मला माहीत नाही.

या धंद्यात पहिला प्रश्न तिकिटाच्या दराचा येत नाही. माणूस खुर्चीत टेकता टेकता विचारतो, किती लांब आहे आणि किती तास लागतात. त्याची उत्तरं तीन असतात. पहिलं, विमान प्रत्यक्ष हवेत असतं तेवढा वेळ. दुसरं, तिकिटावरचा वेळ. त्यात सुटण्याआधी रांगेत ताटकळणं आणि मुंबईवर आल्यावर खाली जागा नाही म्हणून घिरट्या घालणं, हे कंपनीने आधीच धरलेलं असतं. तिसरा वेळ आपल्या उंबऱ्यापासून पलीकडच्या उंबऱ्यापर्यंतचा. तो कुठेच छापलेला नसतो. तो सांगायला मी होतो.

आंबिवलीचे एक पाटील लेकीच्या लग्नाचं वऱ्हाड विमानाने गोव्याला न्यायचं म्हणून आलेले. मी त्यांना समजावून सांगितलं की गोवा हवेतून तासाभराचं, पण आंबिवलीहून दुर्गाडीचा पूल, भिवंडी बायपास, माजिवडा करत विमानतळ गाठायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जाईल. पाटील बराच वेळ नकाशाकडे बघत बसले. मग म्हणाले, "मंग इमान आमचे शेतान उतरव ना." मी म्हटलं, बघतो विचारून. पुढे महिनाभर ते खरंच निरोपाची वाट बघत होते, असं त्यांचा जावई सांगतो. जावयाने थोडं चढवलं असेल, पण माझ्या गिऱ्हाइकांना तो गुण माझ्याकडूनच लागायचा.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरचे एक कापड दुकानदार कलकत्त्याहून परत आले ते भांडायलाच. जाताना कमी वेळ लागला आणि येताना जास्त. अंतर तेच, विमान तेच, मग मला कुठून फिरवून आणलं, असा त्यांचा सवाल होता. वर उंचावर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, जाताना तो पाठीवर हात ठेवतो आणि येताना छातीवर, एवढंच कारण आहे. पण एवढ्याने ठाण्याचा माणूस ऐकत नाही. म्हणून मी सांगितलं की त्या दिवशी नागपूरवर वारा इतका होता की कावळे शेपटीच्या दिशेने उडत होते. तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं आणि त्यांनी चहा घेतला.

असं चढवून सांगायची खोड मला जन्मजात होती, पण धंद्यात तिचा उपयोग झाला. डोंबिवलीकर विमानालासुद्धा पाच मिनिटं आधी पोचू बघतो. त्याला विमानतळ दोन तासांवर आहे म्हटलं की तो एक तास धरतो आणि निघताना म्हणतो, अजून एकदा गॅस बघून येतो. म्हणून मी दोनाचे चार सांगायचो. तो निम्मे करायचा आणि वेळेवर पोचायचा. मी दुप्पट सांगणार, तो निम्मं धरणार, हा माझ्यात आणि गावात न बोलता ठरलेला करार होता. सासवा सुनांना सांगायच्या, शरदरावांचा आकडा आधी निम्मा कर आणि मग डबा भर. मी घड्याळातली वेळ कधी सांगत नसे. नुसते तास सांगायचो, कारण तासांचं निम्मं करायला सोपं पडतं.

एकाच बाईंच्या बाबतीत मी उलटं करायचो. मालतीबाई मोडक. मानपाडा रोडच्या एका गल्लीत राहायच्या. यजमान, म्हणजे अण्णा मोडक, एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मितभाषी माणूस. एकुलती एक मुलगी मेधा शिलाँगला कॉलेजात शिकवायला गेली आणि तिथेच रमली. मालतीबाई भाजी घेऊन येता येता गाळ्यात टेकायच्या, पिशवी मांडीवर ठेवायच्या आणि विचारायच्या, "शरदराव, शिलाँग किती तास हो?" तिकीट काढायचं नसायचंच. मेधाची तिकिटं मेधाच मला फोन करून काढायला सांगायची.

त्यांच्यासाठी मी अंतर कमी करायचो. कुकर लावा, तिसऱ्या शिट्टीला मेधा दारात, असं सांगायचो. एकदा सांगितलं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे शिलाँगचं विमान नुसतं वर जाऊन थांबतं आणि जरा वेळाने डोंबिवली आपणहून त्याच्याखाली येते, इंधनसुद्धा लागत नाही. त्यावर त्या इतक्या हसल्या की पिशवीतली लिंबं गाळाभर पांगली. दर खेपेला मी नवीन काहीतरी रचायचो आणि दर खेपेला त्या "म्हणजे फार नाही लांब" असं म्हणून उठायच्या.

त्या गेल्या ती वैशाखातली पहाट होती. झोपेतच गेल्या. उजाडता उजाडता अण्णांच्या पुतण्याचा, सुहासचा, मला फोन आला. मेधाला कळवलंय, ती मिळेल ती गाडी करून शिलाँगहून निघतेय, तिकिटाचं तुम्ही बघा काका, किती तास लागतील?

आता शिलाँगची गंमत अशी की ते डोंगरात आहे. तिथून मुंबईला थेट विमान नाही. आधी घाट उतरून गुवाहाटीला यायचं, त्यातच सकाळ जाते. गुवाहाटीहून मुंबईच्या सरळ विमानात त्या दिवशी जागा नव्हती. मी कलकत्त्यावरून जोडून दिलं. तिथे उतरायचं, दुसऱ्या विमानाची वाट बघायची, मग मुंबई, मग ऐरोली, शीळफाटा, आणि मग मानपाडा रोड. मनातल्या मनात उंबरा ते उंबरा बेरीज केली आणि सुहासला म्हटलं, बारा तास लागतील.

तीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच खरा आकडा सांगितला होता. मालतीबाई गेल्याचं ऐकल्यावर माझ्या जिभेला दुप्पट करायचं सुचलंच नाही. आणि सुहास पडला डोंबिवलीत वाढलेला मुलगा. त्याने सवयीने निम्मे केले. खात्री करायला फोनवर शिलाँग ते मुंबई असं टाकून पाहिलं. फोनने सांगितलं, अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर, विमानाने सुमारे साडेतीन तास. हे असले आकडे नकाशावर दोरी ताणून काढलेले असतात. त्या दोरीवरून विमान खरोखर उडतं की नाही, ते फोन बघत नाही. पण सुहासच्या हिशोबात दोन्ही उत्तरं जुळली. साडेतीन तास हवेत, वर इकडचं तिकडचं धरून सहा. म्हणजे दुपारी बारापर्यंत मेधा येणार. त्याने तसं सगळ्या नातेवाइकांना कळवलं, शववाहिनी साडेबाराला सांगितली, घरात बर्फाच्या लाद्या आणवल्या आणि स्वतः गाडी घेऊन विमानतळावर गेला.

यातलं मला काही माहीत नव्हतं. मी गाळ्यात बसलेलो. साडेअकराच्या सुमारास मेधाचा फोन आला. गुवाहाटीला पोचली होती. म्हणाली, घरी फोन कोणी उचलत नाहीये, सुहासचा सारखा एंगेज लागतोय, मला आता विमानात सोडतायत. मग म्हणाली, "काका, तुम्ही घरी जा. मी येईपर्यंत थांबायला सांगा त्यांना. मला आईला बघायचंय एकदा."

मी शटर ओढलं आणि गेलो.

इमारतीच्या आवारात माणसं उभी होती. बांबू आणून ठेवलेले. पहिल्या मजल्यावर दार उघडं, बाहेर चपलांचा ढीग. बाहेरच्या खोलीत मालतीबाईंना ठेवलेलं, खाली बर्फ, आणि बर्फाचं पाणी दाराकडे वाहत येत होतं. पंखा बंद होता. अण्णा भिंतीला टेकून बसलेले. त्यांचा फोन आतल्या खोलीत वाजून वाजून गप्प झाला होता.

सगळं बघत होते ते तात्या, अण्णांचे थोरले भाऊ. कल्याणला राहतात. घराण्यातल्या सगळ्या माणसांना त्यांनीच शेवटी पोचवलेलं, त्यामुळे अशा वेळी त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. मला बघून म्हणाले, बारा वाजले, मेधाचा पत्ता नाही, तिचा फोन बंद लागतो, आणि सुहास विमानतळावरून सांगतोय की बोर्डावर शिलाँगचं विमानच नाही.

मी म्हटलं, नसणारच. ती आत्ता कलकत्त्याकडे येणाऱ्या विमानात आहे, म्हणून फोन बंद आहे. तिथून दुसरं विमान. घरी यायला संध्याकाळचे सात होतील.

आवारातून वर आलेली चार माणसं माझ्याकडे बघू लागली. त्यांतल्या एकाने हळूच म्हटलं, म्हणजे साडेतीन-चार. मी वळून सांगितलं, निम्मे करू नका, खरे सात. त्यावर त्याने मान खाली घातली, पण त्याचा विश्वास बसला नव्हता ते मला दिसलं. मग मी मघाशी तुम्हाला सांगितलं ते सगळं, घाट, गुवाहाटी, कलकत्ता, सगळं बोटांवर मोजून सांगितलं. जितकं जास्त सांगत गेलो तितकं ते रचल्यासारखं वाटायला लागलं. माझं मलाच वाटायला लागलं.

तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाले, "शरदराव, सकाळी बारा तास म्हणालात, आता सात वाजता म्हणताय. फोन साडेतीन तास म्हणतो. तुमचं बोलणं आम्ही आजवर हसून घेतलं. आज नका असं करू."

मी म्हटलं, तात्या, आज खरं बोलतोय.

"बोलत असाल. पण या उन्हात हा बर्फ दोन तास टिकणार नाही." त्यांचा आवाज खाली आला. "मालतीला मी धाकट्या बहिणीसारखं वागवलंय. तिची दशा व्हायला नको. मेधाला मी समजावीन."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मला सगळ्यात वाईट त्याचंच वाटलं. समोरचा माणूस चुकीचा असला की भांडता येतं. इथे एका म्हाताऱ्या माणसाला आपल्या भावजयीची काळजी होती, आणि माझ्या हातात पुरावा म्हणून माझा शब्द होता, ज्याची किंमत अख्ख्या गावाला पाठ होती. खालून कोणीतरी शववाहिनी आल्याचं सांगितलं. कोपऱ्यात बसलेले गुरुजी उठले.

तेव्हा अण्णा बोलले. सकाळपासून पहिल्यांदा, असं शेजारच्या बाईंनी नंतर सांगितलं.

"तात्या, हा मालतीला कायम खोटं सांगायचा."

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

"तिला माहीत होतं," अण्णा म्हणाले. "ती जाऊन आलेली ना शिलाँगला, मेधाला सोडायला. तेव्हा घाटात उलट्या करून बेजार झाली होती. किती लांब आहे ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती याच्याकडे अंतर कमी करून घ्यायला जायची. घरी येऊन मला सांगायची, आज शरदरावांनी शिलाँग कुठवर आणलं ते. याच्यासारखे हातवारे करून सांगायची."

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं.

"थापा मारताना याचे हात कसे चालतात ते मला तिच्याकडून पाठ आहे. आत्ता बघ, हात गप्प आहेत. हा खरं सांगतोय. मेधा येईपर्यंत मालतीला हलवायचं नाही."

तात्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग तात्या गुरुजींकडे वळले आणि म्हणाले, सातला या. शववाहिनी परत पाठवायला स्वतः खाली उतरले.

मग पळापळ झाली. शव ठेवायची थंड पेटी कल्याणच्या एका मंडळाकडे असते, माझ्या ओळखीची माणसं. ती टेम्पोत घालून पत्री पुलावरून आणेपर्यंत माझा जीव अर्धा झाला. पुलावरची गर्दी मी एरवी तुम्हाला रंगवून सांगितली असती. त्या दिवशी ती होती तेवढीच मला पुरली. पेटी आली, मालतीबाईंना तीत ठेवलं, ओली फरशी बायकांनी पुसून घेतली. त्याच्या जरा आधी कलकत्त्याहून मेधाचा फोन आला. अण्णांनी कानाला लावला, थोडं ऐकलं आणि म्हणाले, "ये. थांबलोय आम्ही." एवढंच.

लोक घरी जेवायला गेले, काही परत आले. दुपार सरेना. मी बोलल्याशिवाय इतका वेळ आयुष्यात कुठे बसलो नव्हतो. पेटीची मोटर घरघरत होती. अण्णा मला म्हणाले, इकडे ये, बस. मग विचारलं, "आत्ता कुठे असेल ती?"

मी घड्याळ पाहिलं. म्हटलं, विमान सुटलं असेल. बंगाल संपून झारखंडावर आली असेल.

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, रायपूरच्या आसपास. नंतर नागपूर. नागपूरच्या वेळी कावळे माझ्या अगदी ओठांवर आले होते, मी ते गिळले. अण्णा प्रत्येक गावाला मान हलवायचे आणि काचेतून मालतीबाईंकडे बघायचे, जणू निरोप तिकडे पोचवायचा होता. तात्याही हळूहळू जवळ सरकले. नागपूरनंतर काय येतं, असं त्यांनीच विचारलं. मी सांगितलं, संभाजीनगर, मग नाशिक डावीकडे की उजवीकडे ते वैमानिक ठरवेल, मग कसाऱ्याचे डोंगर, आणि मग आपण.

आपण म्हणजे खरंच आपण. पूर्वेकडून मुंबईला उतरणारी विमानं कितीदा कल्याण-डोंबिवलीच्या डोक्यावरूनच जातात. पाच वाजायला आले तसे अण्णा उठले, माझा खांदा धरून गॅलरीत आले. ऊन अजून डोळ्यांवर येत होतं. दोन-तीन विमानं गेली. मग एक जरा खालून आलं, इमारतींच्या वरून, चाकं बाहेर काढावीत इतकं खाली नाही, पण पंखांखालचं लिहिलेलं जवळजवळ वाचता यावं इतकं.

"हेच का?" अण्णांनी विचारलं.

खालून बघून कोणतं विमान कुठून आलं ते कोणालाही सांगता येत नाही. मलाही येत नाही. तीस वर्षं या धंद्यात काढून येत नाही.

"हेच," मी म्हटलं.

अण्णांनी माझ्या हातांकडे पाहिलं. विमान दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. आईच्या डोक्यावरून लेक पुढे निघून गेली, आणि आता तेवढंच अंतर रस्त्याने मागे यायला तिला दोन तास लागणार होते. या धंद्यातली सगळ्यात न पटणारी गोष्ट मला कोणती वाटते, असं कोणी विचारलं तर मी हीच सांगतो.

सुहास सकाळपासून विमानतळावर उपाशी उभा होता. मेधाला घेऊन निघाल्याचा त्याचा फोन आला, मग ऐरोलीच्या पुलावरून, मग शीळफाट्यावरून, तिथे गाड्या हलत नव्हत्या. गुरुजी सात वाजता बरोबर आले. खाली शववाहिनी उभी राहिली. आवार पुन्हा भरलं, सकाळपेक्षा जास्त. जो तो घड्याळ बघून माझ्याकडे बघत होता. सात वाजून गेले. रस्त्यावरचे दिवे लागले. खरं सांगण्यात इतकी भीती असते, हे मला त्या वयात कळलं. थापेला उशीर होत नाही.

मेधा आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच उतरली आणि चालत आली, बरोबर खांद्यावरची एक पिशवी. माणसांनी वाट दिली. ती जिना चढली. अण्णा दारात उभे होते, त्यांच्या छातीला एक क्षण डोकं टेकलं आणि ती आत गेली. पेटीचं झाकण काढलेलं होतं. ती जमिनीवर बसली, आईच्या गालाला हात लावला, गारठा लागून हात मागे घेतला आणि पुन्हा ठेवला.

आम्ही बाहेर आलो. जिन्यावर, आवारात, सगळीकडे माणसं होती. गुरुजींनी काही वेळ वाट पाहिली, मग मनगट वर केलं आणि तात्यांना खुणेने विचारलं.

तात्यांनी दार हलकेच ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभे राहिले.

"जरा थांबा, गुरुजी," ते म्हणाले. "फार लांबून आलीय पोरगी. बसू दे तिला."

आणि आतून कोणी दार वाजवेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.